उसात गेलेला ड्रोन आणि नजरेच्या टप्प्याचा हिशोब

माझा पहिला ड्रोन उसात गेला. फलटणकडे एका मित्राच्या मळ्यात, नोव्हेंबरातल्या दुपारी, बांधावर उभा राहून मी स्वतःचंच चित्रीकरण करत होतो. ड्रोनचं नाक माझ्याकडे, रिमोटची काठी मागे ओढलेली. ड्रोन मागे मागे सरकतोय आणि पडद्यावर आधी मी, मग बांध, मग विहीर, मग अख्खा मळा उलगडतोय. साधारण तीनशे मीटरवर चित्र गोठलं. मान वर केली तर आकाश रिकामं.

घाबरलो आणि काठी आणखी मागे ओढली. ‘मागे ये’ म्हणून. पण नाक माझ्याकडे असलेल्या ड्रोनच्या लेखी ‘मागे’ म्हणजे माझ्यापासून आणखी लांब. तो आज्ञाधारकपणे लांब गेला, सिग्नल पूर्ण तुटला आणि तो होता तिथेच उतरला, कारण सिग्नल तुटल्यावर परत यायचं की जागेवर उतरायचं हे ठरवणारी सेटिंग मी कधी उघडूनही पाहिली नव्हती. दहा फूट उंच उसात दोन दिवस शोधलं. पानांनी हात कापले, ड्रोन काही मिळाला नाही.

मशीन बिघडलं नव्हतं, वाराही नव्हता. तो माझ्या नजरेतून गेला, एवढंच झालं. त्यानंतर मी जे शिकलो ते इथे पायरीपायरीने लिहितोय. नुकताच ड्रोन घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या हौशी माणसासाठी.

नजरेच्या टप्प्यात म्हणजे नक्की काय

भारतात सध्या लागू असलेले ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी आले. त्यात छंद, शिक्षण, प्रयोग यांसाठीच्या ‘मॉडेल’ विमानाची व्याख्या आहे. २५ किलोपर्यंतचं आणि नजरेच्या टप्प्यात उडवलं जाणारं, असं ती म्हणते. म्हणजे हौशी उड्डाण या कल्पनेतच नजर गृहीत धरली आहे. नजरेपल्याडचं उड्डाण हा वेगळा प्रांत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला ड्रोनने कोविडची लस पोहोचवली गेली, तसली कामं सरकारी यंत्रणा आणि खास परवानग्या घेऊन होतात. रविवारी सकाळी मैदानावर गेलेल्या तुमच्या-माझ्यासाठी ती वाट नाही.

बहुतेक जण इथेच फसतात. ‘दिसतोय की, तो बघा ठिपका!’ ठिपका दिसणं पुरेसं नाही. कोणत्याही क्षणी पडद्याकडे न बघता चार गोष्टी सांगता यायला हव्यात: तो कुठे आहे, नाक कुठल्या दिशेला आहे, जवळ येतोय की लांब जातोय, आणि त्याच्या आसपास तार, झाड, पक्षी, हेलिकॉप्टर काय आहे. यातली दुसरी गोष्ट सगळ्यात आधी हातची जाते. माझी तीच गेली.

रोजचा चष्मा किंवा लेन्स चालते. दुर्बीण चालत नाही, कारण ती एकच ठिपका मोठा करून दाखवते आणि आजूबाजूचं आकाश खाऊन टाकते. ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणारा बंद गॉगल डोळ्यांवर चढवून उडवायचं असेल तर तुमची नजर ड्रोनवर नाहीच. तेव्हा शेजारी खांद्याला खांदा लावून एक जोडीदार हवा, जो सतत ड्रोनकडे बघेल आणि तोंडाने सांगत राहील. फोनवरून सांगणारा जोडीदार मी धरत नाही.

पहिली पायरी: वजन करा, खरंखुरं

नियमांचा सगळा डोलारा वजनावर उभा आहे. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. त्यापुढे मीडियम आणि लार्ज, त्यांच्याशी आपल्याला देणंघेणं नाही.

हे वजन उड्डाणाच्या वेळचं, सगळ्या सामानासकट धरलं जातं. खोक्यावर २४९ ग्रॅम लिहिलं असलं तरी त्यावर पंख्यांची जाळी लावली, कॅमेऱ्यावर फिल्टर चढवला, मागे दिवा चिकटवला की तो मायक्रो झाला. काही छोट्या ड्रोनला जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी मिळते. ती घातली की वजन २९० ग्रॅमच्या आसपास जातं. स्वयंपाकघरातला काटा पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, म्हणून मी माझा ड्रोन ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवून आलो. तो हसला, पण २४७.८ असा आकडा मिळाला.

नॅनो उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही लागत नाही, पण फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी. मित्राच्या लग्नात हौसेने शूटिंग केलं ते एक, आणि त्याच शूटिंगचे पैसे घेतले ते वेगळं. मायक्रोने पैसे कमवायचे तर मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र काढावं लागतं. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास, आणि प्रमाणपत्राची मुदत १० वर्षं.

दुसरी पायरी: खरेदी आणि कागद

प्रत्येक ड्रोनला एक नोंदणी क्रमांक असतो, गाडीच्या नंबरसारखा. अर्ज सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करायचा, फी १०० रुपये. ‘नॅनो आहे म्हणून काहीच लागत नाही’ हे दुकानदाराचं वाक्य आहे, नियमाचं नाही. नॅनोला पायलट प्रमाणपत्राची, टाइप सर्टिफिकेटची (म्हणजे त्या मॉडेलला मान्यता असल्याच्या दाखल्याची) आणि तृतीय पक्ष विम्याची सूट आहे. कुठे आणि किती उंच उडवायचं या नियमांतून मात्र त्याला सूट नाही.

मायक्रो घेणाऱ्यांनी एक प्रश्न पैसे देण्याआधी विचारावा: या मॉडेलला भारतातलं टाइप सर्टिफिकेट आहे का? बाजारात दिसणारे कितीतरी सुंदर परदेशी ड्रोन या एका प्रश्नावर गळतात. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यापुरताच अपवाद आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या मामेभावाला ‘येताना एक घेऊन ये’ सांगू नका. विमानतळावरच्या कस्टमच्या फॉर्ममध्ये ड्रोन जाहीर करावा लागतो आणि तो तिथेच अडकण्याची शक्यता दाट असते.

मायक्रोपासून पुढे तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे, मोटारीसारखाच. नॅनोला सक्ती नसली तरी मी काढतो. काच कुणाची फुटेल हे सांगता येत नाही.

तिसरी पायरी: नकाशा, आणि नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी

‘डिजिटल स्काय’ या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा हवाई क्षेत्राचा नकाशा २४ सप्टेंबर २०२१ पासून सगळ्यांसाठी खुला आहे. त्यात तीन रंग आहेत. हिरव्यात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा निम्मी होते, २०० फूट, म्हणजे ६० मीटर. त्याहून उंच गेलात की पिवळ्यात शिरलात, तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पंखासुद्धा फिरवायचा नाही.

घराबाहेर पडण्याआधी नकाशा उघडा आणि नेमकी जागा टाका, गावाचं नाव नको. मुंबईकरांना हा नकाशा पाहून हसावं की रडावं कळत नाही. सांताक्रूझ, जुहू, नौदलाची गोदी, ट्रॉम्बेचं अणुकेंद्र आणि तेलशुद्धीकरण कारखाने यांच्यात उरतं ते काय! पनवेल-उरणच्या लोकांनी नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर जुन्या आठवणींवर विसंबू नये. पुण्यात लोहगाव हे हवाई दलाचं ठाणं, खडकवासल्याला एनडीए, शिवाय खडकी, दिघी, पाषाण इथल्या लष्करी आणि संशोधन संस्था. नाशकात एका बाजूला ओझर, दुसऱ्या बाजूला देवळाली. गोव्यात दाबोळीला नौदलाचा तळ आणि उत्तरेला मोपा. समुद्रकिनारा मोकळा दिसतो म्हणून तो हिरवा असेलच असं नाही.

आता नकाशात ऐनवेळी उमटणारं आणि नकाशात न दिसणारं. जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतो. पालखी, विसर्जन मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा, अशा वेळी तसं होतं. याशिवाय शहर पोलिसांचे बंदी आदेश असतात. मुंबई पोलीस ते वारंवार काढतात आणि वाढवतात. मे २०२५ मध्ये सीमेवरच्या तणावाच्या वेळी तर ड्रोनबंदीची बातमी घराघरात पोहोचली होती. नकाशा हिरवा असूनही पोलीस आदेश असेल तर तुम्ही चुकलात. मी आदल्या रात्री पोलिसांचं अधिकृत समाजमाध्यम खातं बघतो. गावाकडे असेन तर सरळ ठाण्यात फोन करतो. फोन उचलणारे हवालदार बहुधा ‘काय शूटिंग आहे का?’ एवढंच विचारतात, पण नंतर कुणी तक्रार केली तर तो फोन कामाला येतो.

किल्ल्यांचं वेगळं लिहायला हवं, कारण आपल्या प्रत्येकाच्या मनात रायगडावरचा एक शॉट असतोच. हवाई क्षेत्र हिरवं असलं तरी खालची वास्तू कुणाची आहे हे बघावं लागतं. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा किल्ला असेल तर त्यांची लेखी परवानगी, राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, प्रतापगड यांच्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून पहारेकऱ्यांची नजरही जास्त तीक्ष्ण झाली असेल असं धरून चला. अभयारण्यात वन खात्याला विचारल्याशिवाय पिशवीतून ड्रोन काढूच नका. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही नुसती ट्रेकची ठिकाणं नाहीत, अभयारण्यं आहेत.

चौथी पायरी: तुमची स्वतःची दोरी मोजा

कंपनी खोक्यावर ‘रेंज १० किलोमीटर’ छापते. ती रेडिओची रेंज, तुमच्या डोळ्यांची नव्हे. लहानपणी पतंग उडवताना जेवढा मांजा चरखीत, तेवढाच पतंग लांब जायचा. ड्रोनला मांजा नसतो, म्हणून तो आपणच मोजून ठरवायचा.

आधी गणित. ६/६ नजरेचा माणूस साधारण एक कोनीय मिनिट (एका अंशाचा साठावा भाग) एवढी बारीक गोष्ट ओळखू शकतो. ३० सेंटिमीटरचा ड्रोन सुमारे एक किलोमीटरवर एवढाच दिसतो. म्हणजे स्वच्छ आकाशात, नशीब असेल तर, एका किलोमीटरवर तो ‘आहे’ एवढं कळेल. पण नाक कुठे, शेपूट कुठे हे कळायला त्याचे हात (पंखे बसवलेले दांडे) वेगळे दिसावे लागतात, आणि ते अंतर कितीतरी कमी असतं. युरोपात यासाठी एक सोपं सूत्र वापरतात: ड्रोनची सर्वांत मोठी मिती मीटरमध्ये घ्या, ३२७ ने गुणा, २० मिळवा. ३० सेंटिमीटरच्या ड्रोनसाठी उत्तर येतं ११८ मीटर. पहिल्यांदा हा आकडा पाहिला तेव्हा मला तो भित्रा वाटला होता. उसातला ड्रोन आठवला आणि पटला.

त्याच पद्धतीत दुसरी अट हवेची आहे. जमिनीवर जेवढी दृश्यता, तिच्या ३० टक्क्यांपलीकडे जायचं नाही. हिवाळ्यात सकाळी धुकं-धुरळा असतो तेव्हा दीड किलोमीटरवरचं काही दिसत नसेल, तर मर्यादा ४५० मीटर. छोट्या ड्रोनला पहिलीच अट आधी आडवी येते.

आता प्रत्यक्ष चाचणी. ही मी सगळ्यांना करायला लावतो, खर्च शून्य. धावण्याच्या ट्रॅकचं मैदान, कालव्याचा सरळ रस्ता किंवा मोठं माळरान घ्या. फोनच्या नकाशावर मोजून ५०, ७५, १००, १२५, १५० मीटरवर चुन्याच्या खुणा करा. मित्राला बंद ड्रोन घेऊन प्रत्येक खुणेवर उभा करा. तो ड्रोन डोक्यावर धरेल आणि मनाला येईल तसा नाक फिरवेल: तुमच्याकडे, उलट, डावीकडे, उजवीकडे. तुम्ही ओरडून सांगायचं. प्रत्येक अंतरावर दहा वेळा. दहापैकी दहा बरोबर येतात ते सर्वांत लांबचं अंतर लिहून ठेवा आणि त्यातून चौथा हिस्सा कापा. १२५ ला सगळी बरोबर आली तर तुमची दोरी सुमारे ९५ मीटर.

चौथा हिस्सा का कापायचा? मैदानात तुम्ही शांत असता, मित्र खुणेवर स्थिर असतो, पडद्याचं लक्ष नसतं. हवेत यातलं काहीच खरं नसतं. ही चाचणी दोनदा करा, एकदा सकाळी सूर्य पाठीशी घेऊन, एकदा संध्याकाळी झाडांच्या पार्श्वभूमीवर. करड्या रंगाचा ड्रोन करड्या डोंगरासमोर कसा विरघळतो ते दुसऱ्या वेळी कळेल. मी माझ्या ड्रोनच्या मागच्या दोन हातांना भगव्या फ्लुरोसंट टेपचे बारीक तुकडे लावलेत. वजन अर्धा ग्रॅमही नाही, आणि भगवं दिसलं म्हणजे शेपूट माझ्याकडे.

अंतर तिरकं मोजायचं हे विसरू नका. १०० मीटर उंच आणि १०० मीटर लांब असलेला ड्रोन तुमच्या डोळ्यांपासून १४१ मीटरवर असतो. पायथागोरस शाळेत कशाला शिकवला याचं उत्तर मला पस्तिशीत मिळालं.

पाचवी पायरी: पंखे फिरण्याआधीची दहा मिनिटं

उडवायची जागा निवडताना पाठ कशाकडे आहे ते बघा. सूर्य मागे किंवा बाजूला हवा. समोर असेल तर पंधरा सेकंदांत डोळे दिपतात. गच्चीवरून उडवण्याचा मोह टाळा. स्लॅबमधल्या सळया ड्रोनमधल्या होकायंत्राला चकवतात. गाडीचं बॉनेट, लोखंडी झाकण आणि चुंबकाचं कव्हर असलेला फोन यांचंही तेच.

वाऱ्याला ॲप नको, झाड पुरे. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलल्या तर २० ते २८. पाव किलोच्या ड्रोनसाठी मी इथेच थांबतो. कागदोपत्री तो ताशी ३५-३६ किलोमीटरचा वारा सोसतो, पण १०० मीटरवर वारा जमिनीपेक्षा जोरात असतो. कोकणात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा सकाळचं उड्डाण सकाळीच उरका. आणि नेहमी आधी वाऱ्याच्या तोंडाला जा, म्हणजे दमलेल्या बॅटरीने परतताना वारा पाठीशी असतो.

विदर्भातल्या मित्रांसाठी: बहुतेक छोट्या ड्रोनच्या माहितीपत्रकात कमाल तापमान ४० अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात दुपारी चंद्रपुरात सावलीतही त्याहून जास्त असतं. बॅटऱ्या उन्हातल्या गाडीत ठेवू नका. फुगलेली बॅटरी ‘अजून एकदा चालेल’ म्हणून वापरू नका.

मग पुढच्या गोष्टी, याच क्रमाने. पंखे हाताने फिरवून चीर बघा. ड्रोन सपाट जागी ठेवा, चालू करा, उपग्रह जुळून होम पॉइंट (ड्रोनने परत यायची जागा) नोंदला गेल्याचा संदेश येईपर्यंत हात बांधून उभे राहा. सिग्नल तुटल्यावर ‘परत ये’ हेच निवडलेलं आहे ना ते उघडून बघा. माझं याच ठिकाणी चुकलं होतं. परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा किंवा टॉवरपेक्षा १५-२० मीटर जास्त ठेवा. शेवटी ॲपमध्ये कमाल अंतराच्या जागी तुमची मोजलेली दोरी टाका. इलेक्ट्रॉनिक मांजा म्हणा हवं तर.

सहावी पायरी: हवेत

वर गेल्यावर डोक्याएवढ्या उंचीवर अर्धा मिनिट थांबवा. आवाज ऐका. डावी-उजवी, पुढे-मागे, सगळं थोडं थोडं हलवून बघा. मगच पुढे.

पहिले पाच-सहा तास फक्त सराव करा, चित्रीकरण नको. आधी शेपूट तुमच्याकडे ठेवून चौकोन. मग तोच चौकोन, पण प्रत्येक कोपऱ्यावर नाक प्रवासाच्या दिशेला वळवून. मग नाक तुमच्याकडे ठेवून ड्रोन जागेवर स्थिर. इथे डावं-उजवं उलटं होतं आणि नव्याण्णव टक्के लोकांचा गोंधळ होतो. (टक्केवारी माझी, मैदानावर पाहून ठरवलेली.) शेवटी आडवा आठ. हा जमला की ड्रोन तुमचा.

पडदा आणि आकाश यांच्यात नजर कशी वाटायची? मी मनात मोजतो: पडद्यावर दोन, आकाशात पाच. पडद्यावर दोन आकड्यांपेक्षा जास्त लागत असतील, म्हणजे शॉट अवघड असेल, तर आधी ड्रोन थांबवायचा, मग बघायचं. हलता ड्रोन आणि खिळलेली नजर एकत्र नकोत.

तरीही ठिपका हरवतो. हरवला की काठ्या सोडा, ड्रोन जागेवर थांबेल. डोळे वेड्यासारखे आकाशभर फिरवू नका. रिकाम्या आकाशात डोळा कशावरच स्थिरावत नाही आणि आपोआप जवळच्या अंतरावर जुळून बसतो, त्यामुळे लांबची बारीक वस्तू समोर असूनही निसटते. आधी दूरच्या डोंगरधारेवर किंवा टॉवरवर नजर रोवा, मग तिथून थोडी थोडी सरकवा. जोडीदार असेल तर त्याने बोट दाखवत ठेवायचं. दहा सेकंदांत नाही सापडला तर पडद्यावरच्या छोट्या नकाशात नाकाचा बाण बघा, बाण तुमच्याकडे वळवा आणि पुढे या. वळल्याशिवाय मागे ओढू नका, हे मी वेगळं सांगायला नको. तेही जमत नसेल तर परतीचं बटण. त्यात कमीपणा नाही.

तीस टक्के बॅटरीला उतरा. ‘एक शेवटचा शॉट’ हे वाक्य तोंडून निघालं की मी स्वतःला उतरवतो.

सह्याद्रीतला उंचीचा चकवा

ॲपमध्ये दिसणारी उंची तुम्ही जिथून उड्डाण केलं त्या जागेपासूनची असते, ड्रोनखालच्या जमिनीपासूनची नाही. देशावरच्या सपाट माळावर फरक पडत नाही. घाटमाथ्यावर पडतो. कड्याच्या टोकावरून २० मीटर वर उचलून सरळ दरीवर नेलात, तर पडदा २० म्हणतो आणि खाली चारशे-पाचशे मीटरची पोकळी असते. १२० ची मर्यादा तुम्ही एका क्षणात ओलांडलीत, तेही ‘मी तर खालीच होतो’ असं मनापासून वाटत असताना.

उलटही होतं. पायथ्याच्या गावातून उडवून डोंगराच्या चढावर नेला, परतीची उंची तीस मीटर, मध्ये एक सोंड आडवी. सिग्नल तुटला की ड्रोन तीस मीटरवर येऊन सरळ रेषेत सोंडेत घुसतो. सोंडेमागे तो दिसत नव्हता, म्हणूनच सिग्नलही तुटला होता. डोंगराआड गेलेला ड्रोन म्हणजे नजरेबाहेरचा ड्रोन, मग अंतर पन्नास मीटर का असेना.

कड्याजवळ हवा वर उसळते आणि धारेच्या पलीकडे खाली खेचते. कड्यापासून निदान पंचवीस-तीस मीटर आत उभे राहा. आणि कातळात लटकलेली आग्या मोहोळं बघा. त्यांच्या जवळ भिणभिणणारं यंत्र नेऊन गडावरच्या शंभर लोकांच्या अंगावर माश्या सोडणं ही माझ्या मते ड्रोनवाल्याची सर्वांत वाईट चूक असेल.

माणसं, पक्षी आणि वरून येणारे

माणूस बसलेलं कोणतंही विमान दिसलं की तुम्ही बाजूला व्हायचं, वाद नाही. कामशेतला पॅराग्लायडर असतात. निवडणुकीच्या दिवसांत शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं, ज्याची खबर कुठल्याच नकाशाला नसते. घरघर ऐकू आली की आधी खाली या, मग कुठून आली ते शोधा. शेतांवर आता फवारणीचे ड्रोनही असतात. ते खाली उडतात आणि पायलटचं लक्ष पिकावर असतं.

घार घिरट्या घालू लागली तर शूटिंग संपलं असं समजा. विणीच्या दिवसांत ती सरळ झडप घालते. संक्रांतीच्या आठवड्यात शहरात उडवूच नका, मांजा दिसत नाही.

लोकांच्या डोक्यावरून नेऊ नका. शेजाऱ्याच्या गच्चीवर कॅमेरा वळवू नका, वाळत घातलेल्या कपड्यांचा शॉट कुणालाच नको असतो. आणि रात्री तर नाहीच. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या शिरूर-जुन्नर भागात आणि पुढे मराठवाड्यात रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या बातम्यांनी गावंच्या गावं जागी राहिली होती. चोर टेहळणी करतात अशी अफवा होती. अशा गावात अंधारात पिशवी उघडणाऱ्याला नियम सांगायची संधी मिळेलच असं नाही. शिवाय रात्री दिवा दिसतो, अंतर कळत नाही. दिवसासुद्धा अनोळखी गावात मी आधी पोलीस पाटील किंवा सरपंचांना भेटतो, पहिलं उड्डाण पोरांना पडदा दाखवत करतो. मग तीच पोरं जोडीदार होतात, आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा तेज असते.

अपघात झाला, कुणाला लागलं, तर ४८ तासांच्या आत पोर्टलवर कळवावं लागतं. नियमभंगाचा दंड एक लाखापर्यंत जातो.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी दोन ओळी: तिथेही नजरेचा टप्पा आणि ४०० फूट हेच सूत्र आहे. हौशी उडवणाऱ्याला ‘ट्रस्ट’ नावाची मोफत ऑनलाइन चाचणी देऊन तिचा दाखला जवळ ठेवावा लागतो, आणि २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी पाच डॉलरमध्ये तीन वर्षांसाठी होते.

माझा ड्रोन सापडला, ते राहिलंच. जानेवारीत मळ्याला तोड लागली तेव्हा ऊसतोड करणाऱ्या एका बाईंच्या कोयत्यासमोर तो आला. पंखे मोडलेले, बॅटरी फुगलेली, उंदरांनी एक हात कुरतडलेला. मेमरी कार्ड मात्र चाललं. त्यावर शेवटची फाइल होती तीच. सुरुवातीला बांधावर मी अगदी स्पष्ट दिसतो. मग हळूहळू लहान होत जातो. तीन वेळा ती फाइल पाहिली. पडद्यावर चित्र गोठलं त्या क्षणापर्यंत माझी मान फोनकडे खाली झुकलेली आहे, एकदाही वर झालेली नाही.